जुन्या इंजिनाला नवा भाता



धार शहरातील लाट मशिदीच्या आवारात एका ओट्यावर लोखंडाचे तीन प्रचंड तुकडे ठेवलेले आहेत. मशीद दिलावरखान घोरीने १४०५ साली बांधली. लोखंड मात्र तिच्याहून जुने, परमारांच्या काळातले मानले जाते. तिन्ही तुकडे एकापुढे एक मांडले तर लांबी तेरा मीटरांच्या वर जाते आणि वजन सात टनांहून अधिक भरते. दिल्लीच्या ज्या लोहस्तंभाचे चित्र आपल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते, तो उंचीने याच्या जेमतेम निम्मा आहे. धारचा हा स्तंभ ओतीव नव्हे, घडीव आहे. लोखंडाचे लहान लहान गोळे तापवावयाचे, घणाखाली ते एकमेकांत सांधावयाचे, पुन्हा तापवावयाचे आणि पुन्हा सांधावयाचे, असा तो वाढत गेला. हे करणाऱ्यांजवळ कोळसा होता, घण होता आणि मनगट होते. परंतु या तिन्ही गोष्टी असूनही लोखंड पांढरे होईपर्यंत तापत नाही. त्याला चौथी वस्तू लागते, आणि ती म्हणजे भाता.

उघड्यावरचा कोळसा आपल्याला सहजी मिळेल तेवढ्याच हवेवर जळतो. भाता त्याच्या तोंडात त्याहून अधिक हवा कोंबतो. म्हणून तेवढाच कोळसा तेवढ्याच वेळात कितीतरी अधिक धग देतो. आज मला बोलावयाचे आहे ते मोटारीच्या जुन्या, ओळीत सहा सिलिंडर असलेल्या इंजिनाला असाच भाता कसा जोडला गेला याविषयी. विषय परदेशातला वाटेल. पण त्याची एक वाट धार-देवासकडेच येते, आणि ती कशी येते हे सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

इंजिन हा एक श्वास घेणारा प्राणी आहे असे मी वर्गात मुलांना सांगतो, आणि एरवी यंत्रांना कंटाळणारी मुलेही मग कान टवकारतात. दट्ट्या खाली येतो तेव्हा सिलिंडरात पोकळी होते आणि बाहेरची हवा आत शिरते. तिच्याबरोबर पेट्रोलचे तुषार जातात. दट्ट्या वर चढून ते मिश्रण दाबतो, ठिणगी पडते, भडका होतो, दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो, आणि पुन्हा वर येताना धूर बाहेर टाकतो. इंजिनात पेट्रोल अधिक ओतले की शक्ती वाढेल, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. एक ग्रॅम पेट्रोल नीट जाळावयाला जवळजवळ पंधरा ग्रॅम हवा लागते. पेट्रोल हवे तितके देता येते. अडते ते हवेपाशी. ३.७ लिटरचे एक इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर हिशेबाने त्याने मिनिटाला साडेपाच हजार लिटर हवा ओढावयास हवी. पण नळ्यांची वळणे, झडपांची अरुंद तोंडे आणि वेळेची घाई यांमुळे प्रत्यक्षात साडेचार हजारांच्या आतच समाधान मानावे लागते. त्यातून आपले माळव्याचे पठार समुद्रसपाटीपासून पाच-साडेपाचशे मीटर उंच. तेथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी. म्हणजे नर्मदेकाठचे खलघाट सोडून घाट चढून मानपूर गाठणाऱ्या गाडीला नेमका चढावर, जेव्हा श्वासाची सर्वांत अधिक गरज, तेव्हाच तो थोडा थोडा उणा पडत जातो.

आता सहा सिलिंडरच का, आणि तेही एका ओळीत का, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. एका सिलिंडराचे इंजिन उड्या मारते, चारांचेही बारीक थरथरते. पण सहा दट्टे एका ओळीत योग्य कोनांनी जोडले तर एकाचा हिसका दुसरा खोडून काढतो आणि सारे यंत्र शिवण्याच्या यंत्रासारखे सुरळीत चालते. इंग्लंडमध्ये नेपिअर कंपनीने या शतकापूर्वीच्या शतकाच्या आरंभी, १९०३-०४ च्या सुमारास, सहा सिलिंडरांची गाडी बाजारात रुजवली. पाठोपाठ रोल्स-रॉईसची ती प्रसिद्ध ४०/५० अश्वशक्तीची गाडी आली, जी आपल्याकडच्या संस्थानिकांच्या पागेत घोड्यांच्या जागी येऊन उभी राहिली. या रचनेत एक उणीव मात्र आहे. सहा दट्टे एका ओळीत म्हणजे क्रँकशाफ्ट लांबलचक. आणि लांब काठी पिळली की ती थोडी पीळ खाते व सुटते. ठराविक वेगाला हा पीळ वाढत जाऊन शाफ्ट तडकण्याचे प्रकार आरंभीच्या काळात पुष्कळ घडले. लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने शाफ्टच्या टोकाला हा पीळ गिळणारे चक्र बसवले तेव्हा सहा सिलिंडरांचा मार्ग मोकळा झाला. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण भाता जोडल्यावर जो ताण वाढतो तो अखेर याच लांब दांड्यावर येतो.

भात्याची कथा १८६० सालापासून सुरू होते. अमेरिकेत इंडियाना प्रांतातील कॉनर्सव्हिल या गावी रूट्स नावाचे दोन भाऊ लोकरीची गिरणी चालवीत. गिरणीच्या पाणचक्कीत सुधारणा करावी म्हणून त्यांनी एका पेटीत दोन फिरते लाकडी लोळे बसवले. पाण्याच्या कामी ते यंत्र फारसे आले नाही, पण ते फिरवताच त्यातून हवेचा असा झोत निघाला की ओतकामाच्या भट्ट्यांना त्याहून चांगला भाता मिळेना. फिलँडर व फ्रान्सिस रूट्स यांचा हा झोतपंप आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे मोटारीच्या इंजिनावर जो सुपरचार्जर बसला, तो पुष्कळदा हाच. धारच्या लोहारांचा भाता आणि बर्लिनच्या प्रदर्शनातील मोटार यांच्यातला दुवा असा सरळ आहे.

इंजिनात हवा जबरीने भरावी ही कल्पना गॉटलिब डाइम्लरच्या १८८५ सालच्या एका पेटंटातच आहे. पण चालत्या मोटारीवर ती यशस्वी करून दाखवली ती पेनसिल्व्हानियातील ली चॅडविक या कारखानदाराने. त्याच्या 'ग्रेट चॅडविक सिक्स' गाडीला साडेअकरा लिटरांहून मोठे, सहा सिलिंडरांचे इंजिन होते. इतके मोठे इंजिन असूनही ते वेगात दमते हे पाहून त्याने कारण शोधले, आणि ते श्वासात सापडले. तेव्हा त्याने कातडी पट्ट्याने फिरणारा एक पंखा कार्ब्युरेटरला जोडला. १९०८ साली विल्क्स-बॅरे येथील 'जायंट्स डिस्पेअर' नावाच्या चढावरील शर्यत या गाडीने जिंकली. अगोदरच तयार असलेल्या सहा सिलिंडरी इंजिनाला मागाहून भाता जोडण्याचा हा पहिला ठळक दाखला. शर्यत चढावरची होती हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

पुढे पहिले महायुद्ध आले आणि प्रश्न मोटारीचा न राहता विमानाचा झाला. उंचावर हवा विरळ, त्यामुळे इंजिन गळून जाई. फ्रान्समध्ये रातो आणि अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोरावर फिरणारा पंखा बसवून पाहिला. १९१८ साली मॉसने आपले इंजिन पाइक्स पीक नावाच्या चौदा हजार फूट उंचीच्या डोंगरावर नेऊन त्याची परीक्षा घेतली. या धुरावर चालणाऱ्या भात्याची मूळ कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी याची, १९०५ सालची. आज त्यालाच आपण टर्बोचार्जर म्हणतो. पट्ट्याने किंवा दातेरी चक्रांनी इंजिनाकडूनच फिरतो तो सुपरचार्जर, आणि वाया जाणाऱ्या धुराने फिरतो तो टर्बो. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

युद्ध संपल्यावर मर्सिडीजने १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात भात्याच्या मोटारी मांडल्या. फर्डिनांड पोर्शे त्या कंपनीत आल्यावर ओळीतल्या सहा सिलिंडरांची ती प्रख्यात मालिका निघाली, जिचा कळस म्हणजे १९२८ ची 'एस. एस. के.'. जर्मन पद्धतीने या गाडीच्या नावापुढे तीन आकडे असत: २७/१७०/२२५. पहिला आकडा कर आकारणीचा, दुसरा भात्यावाचून मिळणाऱ्या अश्वशक्तीचा आणि तिसरा भाता चालू असतानाचा. मला ही पद्धत फार प्रामाणिक वाटते; विकणाराच सांगतो की भात्याने किती मिळेल आणि भात्यावाचून किती. या गाड्यांत भाता नेहमी चालत नसे. चालकाने पायातली कळ पार तळापर्यंत दाबली की मगच तो जोडला जाई, आणि मग जी किंकाळी उठे ती कोसभर ऐकू जाई असे त्या काळचे लोक सांगत. ती अगदी थोडा वेळच वापरावी अशी ताकीदही कारखानाच देई. इटलीत व्हित्तोरिओ यानो याने आल्फा रोमिओची अवघ्या पावणेदोन लिटरची सहा सिलिंडरी गाडी भात्यासह तयार केली. १९२९ व १९३० या दोन्ही वर्षी तिने 'मिल्ले मिल्या' ही हजार मैलांची शर्यत जिंकली. थोडक्या आकारातून मोठे काम काढण्याची ही दुसरी तऱ्हा.

पण सर्वांनाच हे रुचले नव्हते, आणि त्या वादात दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. इंग्लंडात डब्ल्यू. ओ. बेंटली यांचे मत असे, की शक्ती हवी असेल तर इंजिन मोठे करावे. दुबळ्या छातीच्या माणसाला नळीने हवा फुंकून धावावयास लावू नये. त्यांच्याच गाडीवर जीव टाकणारा शर्यतपटू टिम बर्किन याने मात्र चार सिलिंडरांच्या साडेचार लिटर बेंटलीला ॲम्हर्स्ट व्हिलिअर्सचा भाता जोडण्याचा आग्रह धरला. डॉरथी पॅजेट या धनाढ्य स्त्रीने पैसा पुरविला आणि त्या गाड्या तयार झाल्या. १९३० च्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तीन पक्ष समोरासमोर आले: बर्किनच्या भात्याच्या बेंटली, काराच्चिओलाची भात्याची मर्सिडीज, आणि भात्यावाचूनची, साडेसहा लिटरची, ओळीत सहा सिलिंडरांची 'स्पीड सिक्स' बेंटली. बर्किनने पहिल्या प्रहरात मर्सिडीजला असे पळविले की पाहणारे थक्क झाले. रात्री मर्सिडीज बंद पडली. भात्याच्या बेंटलीही एकेक करून बाद झाल्या. सकाळी पुढे होती ती भात्यावाचूनची सहा सिलिंडरी. म्हणजे बेंटलीसाहेब खरे ठरले. मात्र त्याच वर्षी पो येथील फ्रेंच शर्यतीत बर्किनची भात्याची गाडी दुसरी आली, हेही सांगितले पाहिजे. माझे स्वतःचे मत असे, की दोघांचाही प्रश्न वेगळा होता. चोवीस तास दम टिकवावयाचा असेल तर छाती मोठी हवी, आणि एक डोंगर चढावयाचा असेल तर भाता पुरतो.

आता आपल्या मुलखाकडे वळू. धार आणि देवास ही दोन्ही पवारांची मराठी संस्थाने. त्यांतही देवासचा प्रकार आगळा. तुकोजी व जिवाजी या दोन भावांमुळे एकाच गावात दोन राज्ये झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि एकाच रस्त्याच्या दोन कडांना दोन दरबारांचा अंमल चालू लागला. थोरल्या पातीचे तुकोजीराव महाराज यांच्याजवळ १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार खासगी चिटणीस होता, आणि त्याने त्या दिवसांवर लिहिलेले 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक १९५३ साली निघाले. या संस्थानाचा खजिना पुढे इतका खालावला की महाराजांना राज्य सोडून पाँडिचेरीस जावे लागले, आणि तेथेच १९३७ साली त्यांचा अंत झाला. नेमक्या त्याच काळात देवासपासून दहा-बारा कोसांवर, इंदुरात, यशवंतराव होळकर महाराजांच्या माणिकबागेत एक गाडी येण्याच्या वाटेवर होती: अमेरिकन ड्यूसनबर्ग, अंगाला लंडनच्या गर्नी नटिंगचा साज, आणि होळकरी केशरी-काळा रंग. हिच्या ओळीत सहाऐवजी आठ सिलिंडर होते, सुमारे सात लिटर, आणि त्यांना पंख्याच्या जातीचा सुपरचार्जर. भात्यावाचून या इंजिनाची शक्ती २६५ अश्वशक्ती सांगितली जाई, भात्यासह ३२०. मराठी संस्थानी मुलखात हे यंत्र आले ते असे, एकुलत्या एका गाडीच्या रूपाने. तिची किंकाळी किती लोकांच्या कानी पडली असेल आणि तिचा उपयोग किती लोकांना झाला असेल, याचा हिशेब श्रोत्यांनीच करावा.

अमेरिकेत मात्र भात्याचा मार्ग निराळा झाला; तेथे तो गरिबीच्या पोटी आला. ग्रॅहम-पेज या कंपनीजवळ मोठी नवी इंजिने काढण्याइतके भांडवल नव्हते. तिने १९३६ साली आपल्या साध्या सहा सिलिंडरांवरच सुपरचार्जर चढविला आणि मध्यम किमतीत भात्याची गाडी विकून दाखविली. युद्धानंतर या कंपनीचा मोटारधंदा कैसर-फ्रेझरकडे गेला. तिची अडचणही तीच निघाली. सारे प्रतिस्पर्धी आठ सिलिंडरांची नवी 'व्ही' इंजिने विकत होते, आणि कैसरजवळ एक जुने, ओळीतले सहा सिलिंडरी इंजिन, ३.७ लिटरचे, ११८ अश्वशक्तीचे, एवढेच होते. १९५४ च्या 'मॅनहॅटन' गाडीत त्या जुन्या इंजिनाला मॅक्कुलॉक कंपनीचा पट्ट्यावरचा भाता जोडला आणि शक्ती १४० वर नेली. गाडी चांगली होती, पण धंदा वाचला नाही. १९५५ नंतर अमेरिकेत कैसर नावाच्या प्रवासी मोटारी निघाल्या नाहीत.

११८ वरून १४० म्हणजे शेकडा १९ इतकी वाढ. एवढा खटाटोप करून एवढीच का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सायकलला हवा भरणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात असते: पंपाचे बूड तापते. हवा दाबली की ती गरम होते, आणि गरम हवा फुगते. बाहेरच्या दाबाच्या शेकडा ४० अधिक दाब दिला आणि भाता मध्यम गुणाचा असला, तर सत्तावीस अंशांची हवा ऐंशी अंशांच्या घरात जाते, आणि सिलिंडरात प्रत्यक्ष भरणाऱ्या हवेचे वजन ४० ऐवजी २० टक्क्यांनीच वाढते. त्यातून भाता फिरविण्यासाठी इंजिनाचीच थोडी शक्ती खर्ची पडते ती वेगळी. म्हणूनच पुढे भाता आणि इंजिन यांच्यामध्ये हवा थंड करणारी जाळी बसविण्याची रीत आली.

जुन्या सहा सिलिंडरी गाडीवर आज कोणी हौशी माणूस असा भाता बसवू पाहील, तर त्याच्यापुढे अडचण उभी राहते ती भडक्याची. अगोदरच दाबून आलेले गरम मिश्रण दट्ट्या पुन्हा दाबतो. ठिणगीनंतरही जे न जळता कोपऱ्यात उरते, ते ज्योत पोचण्यापूर्वी आपोआप पेटते आणि इंजिनातून खडे वाजल्यासारखा आवाज येतो. मिस्त्री ज्याला 'नॉकिंग' म्हणतात ते हेच. थोडा वेळ ते ऐकून न ऐकल्यासारखे केले तर दट्ट्याच्या माथ्याला भोक पडते. त्यासाठी दाबाचे प्रमाण मुळात कमी ठेवावे लागते, ठिणगी थोडी उशिरा द्यावी लागते, पेट्रोल उंची लागते. ओळीतल्या सहांचे डोके लांब; त्याखालचे गॅसकेट मधल्या सिलिंडरांपाशी फुटण्याची खोड जुनीच, ती दाब वाढताच उफाळते. मग पाणी तेलात आणि तेल पाण्यात. शिवाय चाळीस-पन्नास वर्षे फिरलेल्या क्रँकशाफ्टचे बेअरिंग आधी पाहावयास हवे. गंमत अशी की जुन्या इंजिनाचा अशक्तपणाच येथे कामी येतो: त्याचे दाबाचे प्रमाण सातास एक इतके कमी असल्यामुळे थोडा भाता त्याला सोसतो. नव्या, अगोदरच घट्ट दाबाच्या इंजिनाला तो सोसत नाही.

आपल्याकडे अशी जुनी सहा सिलिंडरी इंजिने थोडीथोडकी नव्हती. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यास डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्या १९४७ पासून जुळवावयास घेतल्या. त्यांतल्या बहुतेकांचे इंजिन ओळीतले सहा सिलिंडरी पेट्रोलचे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, एस. टी. ची जी पहिली गाडी निघाली ती बेडफर्ड होती, आणि बेडफर्डच्या त्या पिढीचेही इंजिन याच जातीचे. या इंजिनांना आपण भाते जोडले नाहीत. आपल्यापुढचा प्रश्न वेगाचा नव्हता, तर पेट्रोलच्या खर्चाचा होता. म्हणून आपल्या मिस्त्र्यांनी ती उचलून बाजूला ठेवली आणि त्यांच्या जागी डिझेल बसविले. एका दृष्टीने ही निवड दूरदृष्टीची ठरली. कारण डिझेलच्या सिलिंडरात आधी नुसती हवाच दाबली जाते, तेल मागाहून येते. त्यामुळे अवेळी भडका उडण्याची भीती तेथे नाही. पेट्रोल इंजिनाला भाता सोसावा लागतो. डिझेलला तो मानवतो.

१९५४ साली टेल्को आणि डाइम्लर-बेंझ यांचा करार झाला आणि जमशेदपुराहून टाटा-मर्सिडीज मालमोटारी निघू लागल्या. त्यांचे इंजिन ओळीतले सहा सिलिंडरी डिझेल. १९६९ साली करार संपला, नाकावरचा तारा गेला आणि त्या जागी टाटांचे अक्षर आले, पण इंजिनाचा वंश तोच राहिला. पुढे त्याचे जे रूप घरोघर, म्हणजे गॅरेजोगॅरेज पोचले त्याचे नाव '६९७'. सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरांचा व्यास, असा त्या आकड्याचा साधा अर्थ. आकार पावणेसहा लिटरांच्या आत. आग्रा-मुंबई रस्त्यावर, जो देवासच्या मधून जातो आणि धार जिल्ह्यातून नर्मदेकडे उतरतो, दोन पिढ्या या इंजिनाचा आवाज चालू होता. चढावर पहिल्या गिअरमध्ये कण्हत, काळा धूर ओकत जाणारी मालमोटार श्रोत्यांपैकी कोणी पाहिली नसेल असे नाही. तो काळा धूर म्हणजे दुसरे काही नव्हे, तर हवा अपुरी पडल्याची कबुली. तेल आहे, पण ते जाळावयाला श्वास नाही.

१९९२ पासून डिझेल वाहनांच्या धुरावर देशात मर्यादा आल्या, १९९६ साली त्या कडक झाल्या आणि २००० साली आणखी कडक झाल्या. जुन्या सहा सिलिंडरांपुढे आता प्रश्न वेगाचा नव्हता, तर जगण्याचा होता. हवा अधिक दिली तरच धूर कमी होणार, आणि हवा अधिक द्यावयाची तर भाता हवा. इंग्लंडातील हडर्सफील्डची हॉलसेट ही कंपनी १९५० च्या दशकापासून टर्बोचार्जर करीत आली होती, आणि १९७३ पासून ती अमेरिकेच्या कमिन्सच्या मालकीची होती. टाटा आणि हॉलसेट यांचा संयुक्त कारखाना १९९० च्या दशकात निघाला, आणि तो निघाला देवास येथे. '६९७' ला टर्बो जोडला गेला. टाटांच्या गाड्यांच्या नावात पहिले दोन आकडे टनांचे व पुढचे दोन अश्वशक्तीच्या दहकांचे असत. त्यामुळे रस्त्यावरच्या माणसालाही हा फरक वाचता येई: '१२१०' च्या जागी '१६१३' आली. इंजिन मुळात तेच सहा सिलिंडरी, वजन अधिक, शक्ती अधिक आणि धूर कमी. कमिन्सच्या नावाने टर्बोचे ते काम देवासला पुढेही चालू राहिले.

देवास हे गाव श्वासासाठीच प्रसिद्ध आहे, असे कोणी म्हटले तर मी हरकत घेणार नाही. क्षयाने फुप्फुस निकामी झालेले कुमार गंधर्व १९४८ साली येथल्या कोरड्या हवेसाठी येऊन राहिले आणि काही वर्षांनी उरलेल्या श्वासावर गाऊ लागले. यंत्राशी त्याचा संबंध नाही, हे मला कळते. पण देवासचे नाव काढले की तो संबंध मनात आल्यावाचून राहत नाही.

टर्बोचे चाक तळहातावर मावेल एवढे असते, आणि ते मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेते. इतक्या वेगात कोणतेही साधे बेअरिंग टिकणार नाही. तो दांडा तेलाच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगत असतो. एका बाजूस सहाशे-सातशे अंशांचा धूर, दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा, आणि मध्ये तो तेलाचा थर. चाकाचा तोल एका केसाने चुकला तरी दांडा हलतो, थर फाटतो आणि सारे क्षणात संपते. म्हणून या कारखान्यात ओतकाम आणि कातकाम याहूनही तोल साधण्याचे काम अवघड. धारच्या ज्या अनाम लोहारांनी सात टनांचा स्तंभ घडविला त्यांना वजनाशी झगडावयाचे होते. देवासच्या कामगाराला वजनाच्या अभावाशी झगडावे लागते.

धार जिल्ह्यात, पिथमपूरला, १९८० च्या दशकात बजाज टेम्पो, कायनेटिक होंडा, आयशर असे कारखाने आले, आणि त्यांतल्या पहिल्या दोहोंमागे पुण्याच्या फिरोदिया घराण्याचे हात होते. २०१३ साली तेथेच व्होल्वो आणि आयशर यांचा इंजिनांचा कारखाना सुरू झाला. पाच आणि आठ लिटरची डिझेल इंजिने तेथे होतात, आणि ती जन्मतःच टर्बो घेऊन येतात. मागाहून भाता जोडण्याचा प्रश्न तेथे उरलेलाच नाही. २०२१ च्या जूनमध्ये तेथेच गाड्यांची परीक्षा घेण्यासाठी ११.३ किलोमीटरचा लंबवर्तुळाकार वेगपथ खुला झाला. आशियातील तो सर्वांत लांब म्हणून सांगितला जातो.

तरी जुनी '६९७' अजून रस्त्यावर भेटते: शेतमालाच्या गाड्यांत, पाण्याच्या टँकरांत, कूपनलिका खोदणाऱ्या यंत्रांत. ज्यांच्या हाती अशी टर्बोची गाडी आहे त्यांच्यासाठी एकच गोष्ट सांगून थांबतो. घाट चढून वर आल्यावर टर्बोचे चाक लालबुंद झालेले असते आणि पूर्ण वेगात फिरत असते. त्या क्षणी किल्ली फिरवून इंजिन बंद केले, तर तेलाचा पंप थांबतो, पण चाक थांबत नाही. ते कोरड्या बेअरिंगवर फिरत राहते, आणि उरलेले तेल तेथेच जळून त्याचा कोळसा होतो. म्हणून धाब्यावर गाडी उभी केल्यावर इंजिन दोन-तीन मिनिटे रिकामे चालू ठेवावे, चहा सांगावा, आणि मग ते बंद करावे.